किशोरवाचकांना व्हॅम्पायर-मालिकांची एवढी ओढ का वाटते?

देवघेव यांचा प्रश्न :

नमस्कार. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि आठवी ते दहावीच्या मुलांची देवघेव माझ्याकडे असते. आमच्याकडे स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट'च्या दोन प्रती आहेत. त्यांपैकी जुन्या प्रतीची शिवण दोनदा उसवली, मलपृष्ठ चिकटपट्टीच्या जोरावर तग धरून आहे आणि तारखांची चिठ्ठी भरून गेल्यामुळे तिच्यावर दुसरी चिठ्ठी डकवावी लागली. हे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे आज ते मागायला येणाऱ्या मुलींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. चित्रपटांची लाट केव्हाच ओसरली, तरी "मॅडम, पुढचा भाग आला का परत?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर येतोच.

म्हणून या मे महिन्याच्या सुट्टीत मी स्वतःच पहिला भाग वाचायला घेतला. खरे सांगायचे तर अर्ध्यापर्यंत आले तरी यात घडते काय, हे मला उमगेना. सतरा वर्षांची बेला ॲरिझोनामधल्या फिनिक्स शहराचे ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या सदा पावसात भिजणाऱ्या गावी वडिलांकडे राहायला येते, शाळेत तिला एडवर्ड कलन नावाचा देखणा, फिकुटलेला मुलगा भेटतो, तो व्हॅम्पायर असल्याचे तिला कळते आणि कळल्यावरही ती मागे फिरत नाही. खरा खलनायक येतो तो पार शेवटच्या चतुर्थांशात. लहानपणी नारायण धारप वाचून रात्री पाणी प्यायला उठण्याची छाती न होणारी माझ्यासारखी बाई येथे भीती शोधत राहिली आणि ती काही हाती लागली नाही.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते. भीती नाही, रक्तपात बेताचा, घटना मोजक्या. मग जवळपास ५०० पानांचे पुस्तक मुली दोन रात्रींत संपवतात ते कशाच्या बळावर? या प्रकारच्या सगळ्याच मालिकांचे असे आहे की ही एकच अपवाद आहे? दुसरा प्रश्न व्यवहारातला आहे. जूनमध्ये खरेदीची यादी द्यायची आहे आणि याच जातीचे आणखी काही घ्यायचे झाल्यास काय घ्यावे, हे मला ठरवायचे आहे.

---

पाऊसवेडी :

देवघेवताई, तुमच्या त्या जुन्या प्रतीची शिवण माझ्यासारख्याच एखादीने उसवली असणार, म्हणून उत्तर देण्याचा मला हक्क आहे असे समजते. २००९ साली मी पंधरा वर्षांची होते आणि मैत्रिणीकडून आणलेला पहिला भाग मी दिवाळीच्या सुट्टीत, फराळाच्या डब्याशेजारी बसून, सलग वाचला होता. पानांवर तुपाचे डाग पडले म्हणून नंतर बोलणीही खाल्ली.

तुम्ही भीती शोधलीत, तेथेच चूक झाली असे मला वाटते. पहिल्याच प्रकरणातला जीवशास्त्राच्या तासाचा प्रसंग पुन्हा एकदा वाचून पाहा. वर्गात एकच जागा रिकामी असते आणि ती एडवर्डच्या शेजारची असते. बेला तेथे जाऊन बसते, तोच तो ताठरतो, खुर्चीच्या अगदी कडेला सरकतो, तोंड फिरवतो, मांडीवरची मूठ आवळून धरतो आणि तासभर ती सैल सोडत नाही. बेला हळूच स्वतःचे केस हुंगून पाहते. त्यांना स्ट्रॉबेरीच्या शाम्पूचा वास असतो, म्हणजे वासाची काही तक्रार नसावी. घंटा वाजताच तो सर्वांच्या आधी निघून जातो आणि पुढे कार्यालयात तो आपला तास बदलून मागत असताना तिच्या कानावर पडते. पंधराव्या वर्षी हा प्रसंग वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण आपल्यात असे काय वाईट आहे की समोरच्याने सरकून बसावे, हा प्रश्न त्या वयात दिवसातून दहा वेळा पडतो आणि त्याचे उत्तर कधीच मिळत नाही. या पुस्तकात ते मिळते. त्याला तुझा तिटकारा नव्हता. तुझ्या रक्ताचा वास त्याला इतका अनावर झाला होता की तासभर स्वतःला आवरून धरणे हाच त्याच्यापुढचा एक मार्ग होता. अपमानाचा असा खुलासा दुसऱ्या कोणत्या पुस्तकाने आम्हाला दिला असता?

पुढचे सारे याच एका धाग्यावर चालते. तो जवळ येतो, थांबतो, मागे हटतो. त्याचे डोळे पोट भरलेले असताना सोनेरी असतात आणि तहान लागली की काळे होत जातात, त्यामुळे वाचणारी प्रत्येक भेटीत आधी डोळ्यांचा रंग तपासते. घटना थोड्या आहेत हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्या वयात "आज त्याने वळून पाहिले" ही पुरेशी मोठी घटना असते आणि मायरबाई तिला तेवढीच जागा देतात.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. एडवर्डला सगळ्यांच्या मनातले ऐकू येते, फक्त बेलाच्या मनातले येत नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझी डायरीसुद्धा आईने वाचलेली होती. जिचे मन कोणालाच वाचता येत नाही अशी मुलगी मला त्या वेळी केवढी श्रीमंत वाटली, हे मोठेपणी सांगून पटणार नाही.

---

तळटीप :

पाऊसवेडी यांनी आतून सांगितले. मी थोडे बाहेरून सांगतो.

इंग्रजी कथेतला व्हॅम्पायर १८१९ मध्ये पोलिडोरी यांच्या कथेत आला तोच मुळी उमरावाच्या वेशात. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'पर्यंत तो परका, म्हातारा आणि किळसवाणा होऊन गेलेला होता. ॲन राइस यांच्या १९७६ मधल्या कादंबरीत त्याने स्वतःची कैफियत सविस्तर मांडली आणि तेथून वाचक बळीच्या बाजूने न पाहता शिकाऱ्याच्या बाजूने पाहू लागले. त्याला शाळेच्या वर्गात आणून बसवणे एवढेच काय ते उरले होते, आणि ते काम 'ट्वायलाइट'च्या बरेच आधी झाले. एल. जे. स्मिथ यांच्या 'द व्हॅम्पायर डायरीज'चे पहिले भाग १९९१ चे आहेत. त्यांत एक शाळकरी मुलगी आणि दोन व्हॅम्पायर भाऊ आहेत, एक सोशीक आणि एक बेबंद. त्यावरची दूरचित्रवाणी मालिका २००९ मध्ये सुरू झाली, तीही मायर यांनी तापवलेल्या तव्यावरच.

देवघेव यांनी विचारलेला 'सगळ्याच मालिकांचे असे आहे का' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण या मालिकांना बांधणारी गोष्ट प्रेमकथेपेक्षा नियमांची आहे, असे माझे मत आहे. व्हॅम्पायर हा वाचकाला आधीच ठाऊक असलेला प्राणी आहे, त्यामुळे प्रत्येक लेखकाला त्याचे नियम नव्याने ठरवावे लागतात आणि जुना नियम कोणता मोडला हे हेरण्यात वाचकाला मौज वाटते. 'ट्वायलाइट'मधले व्हॅम्पायर उन्हात जळत नाहीत, त्यांची त्वचा हिऱ्यासारखी चमकते, आणि यावरून आजही भांडणे होतात. हा परंपरेचा भंग आहे असे म्हणणाऱ्यांना मी आठवण करून देतो की स्टोकर यांचा ड्रॅक्युलाही उन्हाने मरत नव्हता. लंडनच्या पिकॅडिलीत तो कादंबरीतल्या हार्कर या पात्राला दिवसाढवळ्या दिसतो. सूर्यप्रकाशाने मरणारा व्हॅम्पायर १९२२ च्या 'नोस्फेरातू' या मूकपटाने रूढ केला. म्हणजे ज्या परंपरेचा कैवार घेतला जातो, ती स्वतःच एका मोडलेल्या नियमातून जन्मलेली आहे.

नियम नीट बसवला की त्यातून किती गंमत निघते, याचे एक उदाहरण देतो. कलन कुटुंबाला बेसबॉल खेळायची हौस आहे, पण त्यांच्या ताकदीने चेंडू फटकावला की असा कडकडाट होतो की सारे गाव गोळा व्हावे. म्हणून ते फक्त वादळात, ढग गडगडत असतानाच खेळतात. फोर्क्सचा पाऊस येथे कथेच्या नियमात पुरता मुरलेला आहे. उन्हापासून लपायला ढगाळ गाव हवे, म्हणून लेखिकेने अमेरिकेतला अतिपावसाचा भाग शोधला आणि त्यातून ऑलिम्पिक द्वीपकल्पावरचे हे गाव निवडले. पहिले लेखन त्यांनी गाव न पाहताच केले होते.

रिशेल मीड यांच्या 'व्हॅम्पायर अकॅडमी'त (२००७ ते २०१०, सहा भाग) नियमांची मांडणी आणखी पक्की आहे. मोरोई हे जिवंत, जादू जाणणारे व्हॅम्पायर, स्ट्रिगोई हे मेलेले आणि निर्दय, आणि धाम्पीर हे अर्धे मानवी, मोरोईंच्या रक्षणासाठी शिकवून तयार केलेले. मोरोई आणि स्ट्रिगोई ही नावे रुमानियाच्या लोकसमजुतींतून उचललेली आहेत. रोझ आणि लिसा या दोघी मैत्रिणींचे नाते तेथे कोणत्याही प्रेमप्रकरणापेक्षा मोठे आहे. रोझला लिसाच्या मनातले कळते, लिसाला रोझच्या मनातले कळत नाही. मैत्रीत एकीनेच सतत जागे राहायचे, ही तक्रार मुलींना चांगली ओळखीची असते. तुमच्या यादीत मी हीच मालिका सर्वांत वर ठेवीन. फक्त देण्याआधी वाचून घ्या, कारण त्यात स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग आहेत आणि सतरा वर्षांच्या रोझचे तिच्या चोविशीतल्या प्रशिक्षकाशी जुळते.

---

खारी बिस्कीट :

सगळे जण मुलींबद्दलच लिहीत आहेत, म्हणून मुलांची बाजू थोडक्यात मांडतो. माझ्या धाकट्या भावाने शालेय वयात आपणहून संपवलेली एकमेव पुस्तके म्हणजे डॅरेन शॅन या आयरिश लेखकाची बारा भागांची मालिका; पहिला भाग २००० सालचा आहे. नायकाचे नावही डॅरेन शॅनच आहे. कोळी चावलेल्या मित्राचा जीव वाचवण्यासाठी तो एका व्हॅम्पायरशी सौदा करतो, अर्धा व्हॅम्पायर होतो, घरच्यांपुढे मेल्याचे सोंग करतो आणि जिवंतपणी पुरला जातो. शवपेटीत पडल्या पडल्या वरून माती पडत असल्याचा आवाज तो ऐकत राहतो. अर्ध्या व्हॅम्पायरचे वय पाच वर्षांत एक वर्ष इतक्या सावकाश वाढते, म्हणून सोबतचे वाढतात आणि तो पोरगाच राहतो. आमच्या वर्गात ज्यांना सर्वांत उशिरा मिसरूड फुटले, त्यांना हे पुस्तक का आवडले असेल हे निराळे सांगायला नको.

यावरून आपल्याकडचा मुंजा आठवला. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला, म्हणून पिंपळावर अडकून पडलेला तो पोर. वय थांबण्याची कल्पना आपल्या आजीलाही नवी नव्हती. फरक इतकाच की मुंज्याची दया यावी अशी कुणी सोय केली नाही, त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये एवढीच काळजी घेतली.

---

देवघेव :

सर्वांचे आभार. जीवशास्त्राच्या तासाचा प्रसंग काल पुन्हा वाचला आणि केस हुंगण्याची ती ओळ पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून पार निसटली होती, हे कबूल करते. परंतु एक शंका उरते. पालकसभेत एका आईने मला विचारले होते की रात्री मुलीच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना तिला बघत बसणारा मुलगा तुम्ही आमच्या मुलींना आदर्श म्हणून वाचायला देता का. मला तेव्हा उत्तर सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

---

उंबरठा :

मी किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर निरनिराळ्या रूपांत येतो. त्या आईचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे मुळीच नाही. खोलीत शिरणे ही तर सुरुवात आहे. तिसऱ्या भागात बेलाने जेकब या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनात मुद्दाम बिघाड करून ठेवतो. दुसऱ्या भागात तो "तुझ्या भल्यासाठी" तिला सोडून जातो आणि त्यानंतर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी महिन्यांची नावे तेवढी छापलेली कोरी पाने येतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने मला ती पाने उघडून दाखवली होती आणि "मला असंच झालं होतं" एवढेच ती म्हणाली. तोवर तीन बैठकींत ती एक शब्द बोलली नव्हती. पुस्तक तिच्या हातातून काढून घेतले असते तर ते वाक्यही माझ्या हाती लागले नसते.

माझ्या अनुभवाप्रमाणे मुली ही पुस्तके आदर्श म्हणून वाचतात ही समजूत अर्धवट आहे. त्यांना धोका हवा असतो, पण त्याचा लगाम आपल्या हाती राहील अशा ठिकाणी हवा असतो, आणि मिटता येणारे पुस्तक हे असे ठिकाण आहे. येथे सर्वांत बलवान पात्र तहानेने कासावीस होऊनही थांबते. आपल्या मुलींना रस्त्यात, बसमध्ये, कधी नात्यागोत्यात जे पुरुष भेटतात, ते फारसे थांबत नाहीत. तेव्हा थांबणारा राक्षस त्यांना सभ्य माणसाहून मोलाचा वाटला तर मला नवल वाटत नाही. अडचण येते ती पुढे. थांबण्याचा हक्क आणि ठरवण्याचा हक्क हे दोन्ही त्याच्याकडेच राहतात, आणि थांबला म्हणून बाकीचे सारे त्याला माफ होते. नेमके हेच मुलींशी बोलायला हवे.

लग्नाचा धागाही येथे उलटा विणलेला आहे. एडवर्डचा जन्म १९०१ चा, त्यामुळे तो जुन्या वळणाचा. आधी लग्न, मग बाकीचे, हा आग्रह त्याचा असतो. अठराव्या वर्षी लग्न करायला बेलाच कचरते, कारण तिच्या आईने शाळा संपताच केलेले लग्न टिकले नव्हते. आपल्याकडच्या मुलींना हे वाचताना गंमत वाटते, कारण आईला पसंत पडेल असा आग्रह येथे नायक धरतो आणि आई जे कधीच कबूल करणार नाही ते नायिका म्हणते. मायरबाई मॉर्मन पंथाच्या आहेत आणि या आग्रहाचे मूळ अनेक समीक्षक तेथे शोधतात. ते असेलही, परंतु पुण्यातल्या वाचक मुलीला ते ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

त्या आईला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. बेला नेहमी संकटात सापडणारी अबला आहे, या टीकेला उत्तर म्हणून लेखिकेने २०१५ मध्ये, पहिल्या भागाच्या दहाव्या वर्षी, तीच कथा स्त्री-पुरुष पात्रांची अदलाबदल करून लिहिली. त्यात माणूस मुलगा आहे आणि व्हॅम्पायर मुलगी. त्यांना म्हणायचे होते की बेला दुबळी आहे ती माणूस असल्यामुळे, मुलगी असल्यामुळे नव्हे. हे उत्तर मला पुरते पटलेले नाही, पण दोन्ही पुस्तकांतला खोलीत शिरण्याचा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून आठ-दहा मुलींना वाचायला द्या आणि कोणता जास्त खटकतो ते विचारा. तासभर चर्चा होईल आणि तुम्हाला मध्ये बोलावेही लागणार नाही.

---

पाऊसवेडी :

उंबरठा यांच्या कोऱ्या पानांवरून आठवले. ती पाने मी तेव्हा एकेक करून उलटली होती. एकदम चार पाने उलटणे मला गैर वाटले होते. त्याच भागाची सुरुवातही मला आता, तिशी ओलांडल्यावर, अधिक कळते. बेलाचा अठरावा वाढदिवस आहे आणि स्वप्नात तिला आजी दिसते. मग लक्षात येते की समोर आरसा आहे आणि ती सुरकुतलेली बाई आपणच आहोत, शेजारी एडवर्ड मात्र सतराचाच. तेव्हा मला हे केवढे दुःखद वाटले होते! आता वाटते, अठराव्या वर्षी सुरकुत्यांची धास्ती घेणारी ही पोर पुढचे भाग वाचणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा लवकर म्हातारी झाली होती. आणि तरीही चौथ्या भागासाठी आम्ही ज्या उत्कंठेने थांबलो होतो तशी मी पुन्हा कशासाठीही थांबलेली नाही. अमेरिकेत तो भाग २ ऑगस्ट २००८ च्या मध्यरात्री विक्रीला आला आणि पहिल्या चोवीस तासांत १३ लाख प्रती खपल्या. माझ्या हाती तो बऱ्याच उशिरा, कोपरे दुमडलेल्या स्थितीत पडला. ही वाट पाहणे हाच मालिकेचा अर्धा स्वाद असतो. एकच जाड पुस्तक असते तर एवढे वेड लागले नसते.

---

तळटीप :

जाता जाता एक भर घालतो, कारण ती या चर्चेत निसटते. बेलाचा मित्र जेकब लांडग्याचे रूप घेतो; त्याची क्विलेयूट ही अमेरिकेतली मूलनिवासी जमात काल्पनिक नाही. फोर्क्सजवळच्या ला पुश येथे ती खरोखर राहते. लांडग्यांपासून आपली उत्पत्ती झाल्याची त्यांची स्वतःची कथा आहे, परंतु व्हॅम्पायरांशी वैर वगैरे लेखिकेने जोडलेले आहे. मुलांना पुस्तक देताना हे एक वाक्य अवश्य सांगावे.

---

देवघेव :

यादीत 'व्हॅम्पायर अकॅडमी'चे पहिले दोन भाग आणि डॅरेन शॅन यांचे पहिले तीन भाग लिहिले आहेत. बाकीचे मागणी पाहून घेईन. 'ट्वायलाइट'ची अदलाबदल केलेली आवृत्ती मी स्वतःच्या पैशांनी मागवते आहे, म्हणजे हिशेबात कुणाला खुलासा द्यावा लागणार नाही. त्या आईलाही जुलैच्या पहिल्या शनिवारी मुलींसोबत बसायला बोलावले आहे. "आधी मला वाचायला द्या, मग ठरवते," असे त्या म्हणाल्या, म्हणून जुनी प्रत आज त्यांच्याच नावावर नोंदवली. चिकटपट्टी मात्र नवी लावून दिली.